भांड्याला सांगितलेला कायदा

तुमच्या घरातली एखादी वस्तू तुमची आई उद्या सकाळी, कुणालाही न विचारता, देऊन टाकू शकते का? कोणती? पटकन सांगा. विचार करावा लागला असेल, तर उत्तर मिळालंच की.

असले प्रश्न विचारायची खोड मला पत्रकांमुळे लागली. आमचे अप्पा कुंभकोणममध्ये एका वकिलांकडे गुमास्ते होते. कोर्टाच्या फाटकापाशी जो कोणी जे पत्रक हातात देईल ते घ्यायचं, घडी करून खिशात घालायचं आणि संध्याकाळी घरी उभं राहून मोठ्याने वाचायचं, हा त्यांचा नेम. देव नाही म्हणणाऱ्यांचं पत्रक, देव आहेच म्हणणाऱ्यांचं पत्रक, हुंड्याविरुद्धचं, कालव्याच्या पाण्याचं, मूळव्याधीच्या औषधाचं. मूळव्याधीचं पत्रकसुद्धा ते मुठी आवळून वाचत. मी तमिळ वाचायला शिकले ती या पत्रकांवर. त्यामुळे बरीच वर्षं माझी अशी समजूत होती की कुठलंही वाक्य एकतर 'हा अन्याय आहे' असं संपतं, नाहीतर 'त्वरा करा' असं. आई ती पत्रकं दुसऱ्या दिवशी डब्यांच्या तळाला घालायची. आमच्या घरात डाळ संपली की क्रांती दिसायची.

तमिळ रस्त्यावर, मराठी घरात. तंजावूरच्या दरबाराबरोबर आमचे कुणी पूर्वज इकडे आले आणि मग परत जायचं विसरले. आमचं मराठी इतकं जुनं की पुण्याकडचा पाहुणा ऐकून आधी हसतो आणि मग हात जोडतो. (इथे आमचं बोलणं मी तुमच्या कानाला सोसेल इतपत सारखं करून घेतलं आहे.) बोलायला मराठी असलं तरी लिहायला बहुतेक घरांत तमिळच अक्षरं. अप्पांना मात्र त्यांच्या वडिलांनी देवनागरी शिकवली होती, आणि अप्पांनी ती मला शिकवली. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी असलेल्या अक्काला नाही शिकवली. का नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही. अक्का आईबरोबर स्वयंपाकघरात होती. स्त्रीशिक्षणावरचं पत्रक वाचणाऱ्या माणसाला कॉफी कुणीतरी आणून द्यायला हवीच होती.

अक्काचं लग्न ठरलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आमच्याकडे लग्नात मुलीबरोबर जी भांडीकुंडी जातात, त्यांना सगळे मिळून सीर म्हणतात. आणि नाव घातल्याशिवाय भांडं दुकानाची पायरी उतरत नाही. भांड्यांच्या प्रत्येक दुकानाच्या दारात नावं घालणारा बसलेला असतो. छोटी हातोडी, खिळ्याएवढी छिन्नी, मांडीत भांडं, आणि दिवसभर टिकटिक टिकटिक. पैसे अक्षरागणिक. देणाऱ्याचं नाव, नाहीतर मुलीच्या वडिलांची आद्याक्षरं. मुलीचं नाव क्वचितच. ती स्वतःच सीरमधली एक वस्तू, वस्तूचं नाव वस्तूवर कशाला!

"बापाचं नाव काय म्हणून?" अप्पा दुकानात गरजले. "बाप त्यात भात शिजवणार आहे?"

"मग मुलीचं घालू, अय्या," दुकानदार म्हणाला. अय्या म्हणजे साहेब. त्याला कुणाचंही चाललं असतं.

"नाव नको. नावावर लोक वाद घालतात. कायदा घाला." आणि अप्पांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर त्यांच्या वळणदार देवनागरीत एकच शब्द होता: स्त्रीधन.

नावं घालणाऱ्या म्हाताऱ्याने चिठ्ठी उलटी धरली, सुलटी धरली. त्याला फक्त तमिळ अक्षरं ठाऊक.

"हे नाव आहे की कोलमची रांगोळी?"

"तीन अक्षरं आहेत," अप्पा म्हणाले.

"तीन? अय्या, या पहिल्या एकातच दोन मजले आहेत, तळाशी एक तिरपी काडी आणि वर मागे वाकलेली शेपटी. याचे मी चार धरणार."

शेवटी एकूण पाच अक्षरांच्या पैशांवर तडजोड झाली. म्हाताऱ्याने चित्र काढावं तसा तो शब्द एकेका भांड्यावर उतरवला. कळशीवर, परातीवर, ताकाच्या गंजावर, समयांसाठी प्रसिद्ध असलेल्या नाचियारकोविलहून आणलेल्या समईच्या बुडावर. आणि सगळ्यांत मोठा, सुबक, त्या हंड्यावर. तो हंडा एवढा होता की लग्नाआधी मी त्यात बसून पाहिलं होतं. पन्नास माणसांचा भात त्यात सहज शिजला असता.

घरी येताना अप्पा सायकल चालवत होते आणि मी मागे कॅरिअर धरून बसले होते. सबंध रस्ता त्यांनी मला तो शब्द कुठून आला ते सांगितलं. जुन्या धर्मशास्त्रकारांनी म्हणे सहा गोष्टी बाईच्या स्वतःच्या ठरवल्या: लग्नाच्या होमापुढे मिळालेलं, सासरी निघताना वाटेत मिळालेलं, प्रेमाने कुणी दिलेलं, आणि आईने, वडिलांनी, भावाने दिलेलं. पुढच्या पंडितांनी ही यादी वाढवत नेली. नवऱ्याने दुसरी बायको केली, तर पहिलीला जे द्यायचं त्यालासुद्धा त्यांनी एक भारदस्त नाव दिलं: आधिवेदनिक.

"आणि बायकोने दुसरा नवरा केला तर त्याला काय म्हणतात?" मी विचारलं.

अप्पांनी पॅडल जोरात मारायला सुरुवात केली.

चढ संपल्यावर त्यांनी मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट सांगितली. 'स्त्रीधन' हा शब्द रुळायच्या फार आधी, यज्ञयागाच्या काळात, आणखी एक शब्द होता: पारिणाह्य. म्हणजे घरातलं सामान, भांडीकुंडी. आणि तेव्हाचे लोक म्हणत की या सामानावर सत्ता पत्नीची. जमीन नाही, गाईगुरं नाहीत, सोनंही नाही. या सगळ्या कायद्याचं मूळ गंज-पातेल्यांत! मला तेव्हा वाटलं की म्हणूनच आई भांडी आपटते तेव्हा घरात कुणी बोलत नाही.

"आणि इथे बघ काय झालं," अप्पा हँडल सोडून एक हात नाचवत म्हणाले. "तोच स्त्रीधन शब्द तमिळमध्ये आला, झिजला, सीदनम झाला. आणि आता सीदनम म्हणजे काय? नवरदेवाने मागायचा हुंडा! बाईच्या धनाचं बाईसाठी द्यायचं धन झालं. हा अन्याय आहे!"

समोरून गाय आली म्हणून तेवढ्यावर थांबले.

अक्का हंड्यासकट पापनाशमला नांदायला गेली. तिच्या सासरीही घरात मराठीच, पण अक्षरं तमिळ. देवनागरी वाचता येणारं त्या घरात एकही माणूस नव्हतं, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. अप्पांची खात्री, की कायदा एकदा लिहिला की तो आपलं काम करतो. कायदा माहीत नव्हता ही सबब कोर्टात चालत नाही, हे वाक्य त्यांनी वकिलांच्या तोंडून रोज ऐकलेलं.

मी सुट्टीत अक्काकडे जायची. त्या घरात अक्काला कुणी काही विचारत नसे. भाजी कोणती, सासूबाई ठरवायच्या. सिनेमा कुठला, भावोजी ठरवायचे. पण गल्लीत कुणाकडे बारसं असो, श्राद्ध असो, माणसं मागच्या दारी येऊन अक्कालाच हाक मारत: "हंडा मिळेल का?" कारण तो तिच्या माहेरचा, आणि गल्लीत एवढा दुसरा नव्हता. मग अक्का पदर खोचून दारात उभी राहायची आणि तिचा आवाज बदलायचा. "कधी हवा? किती माणसं? चिंच लावून घासून द्यायचा. उन्हात वाळवून द्यायचा. आतली कल्हई खरवडलीत तर पुढच्या वेळी मिळणार नाही." नगरपालिकेचा अधिकारी काय बोलेल असं बोलायची. तेवढी दोन मिनिटं ती माझी जुनी अक्का असायची.

मी सतरा वर्षांची झाले आणि अक्काचं एक कार्ड आलं. "नणंदेचं लग्न ठरलं. हंडा तिच्या सीरमध्ये जातोय. मला कुणी विचारलं नाही. तुम्ही येऊ नका. आलात तर सांडगी मिरची आणा."

अप्पांनी कार्ड उभं राहून वाचलं. मी त्याच क्षणी तमिळमध्ये पत्रक लिहायला बसले. कार्बन घालून, दाबून, तीनदा लिहून, बारा प्रती. मथळा: 'भगिनींनो! तुमचा हंडा कुणाचा?' खाली सहा प्रकार, मग पारिणाह्य, मग नवऱ्याला बायकोच्या धनाला हात कधी लावता येतो याची जुन्या पंडितांनी दिलेली यादी: दुष्काळ, आजार, धर्मकार्य आणि तुरुंग. शेवटी, अर्थातच, 'त्वरा करा'. पापनाशमच्या गल्लीत दारोदार वाटायचं ठरलं. अप्पांनी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि डोळे पुसले.

रविवारी सकाळच्या बसने आम्ही निघालो. अप्पांच्या हातात पत्रकं, माझ्या हातात मिरच्या.

अक्काच्या सासूबाईंनी दारातच आम्हांला ओळखलं. म्हणजे आम्ही कशाला आलो ते ओळखलं.

"या, व्याही. आधी कॉफी घ्या. भांडण गार झालं तरी चालतं, कॉफी नाही."

आम्ही बसलो. भावोजी कोपऱ्यात वर्तमानपत्राआड होते आणि ते पान त्यांनी शेवटपर्यंत उलटलं नाही. हंडा ओसरीवर काढून ठेवला होता, लख्ख. आणि मी पाहिलं तर काय, अप्पांच्या त्या शब्दावर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट आणि एक झेंडूचं फूल!

"हे काय?" अप्पांनी विचारलं.

"तुम्ही एवढे पुण्यवान, आणि विचारता काय?" सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या भांड्यांवर मंत्र घालून दिलात. आमच्या भटजींच्या पोथीत अशीच अक्षरं असतात. दर शुक्रवारी मी पूजा करते. म्हणून तर म्हटलं, मंत्राचा हंडा मुलीबरोबर जाऊ दे, तिचं भलं होईल."

देवळाच्या फाटकाशीसुद्धा नुसतं पत्रक घेऊन, आत न जाता तिथूनच परत फिरणाऱ्या माझ्या बापाचं तोंड तेव्हा पाहण्यासारखं झालं होतं. सहा वर्षं त्यांच्या कायद्याला हळदकुंकू वाहिलं जात होतं.

मी उठले. झेंडू बाजूला केला. मोठ्याने वाचलं: "स्त्रीधन. मंत्र नाही हा, कायदा आहे. बाईचं धन. हे सगळं अक्काचं आहे."

सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे सीदनमच ना? मग आमचंच की."

अप्पा याच वाक्याची सहा वर्षं वाट पाहत होते. ते उभे राहिले. होम, वाट, प्रेम, आई, वडील, भाऊ, सगळं बोटांवर मोजून दाखवलं. प्रेमाने दिलेल्या वस्तूवर बाईची पूर्ण सत्ता, ती विकेल, ती देईल, मध्ये बोलायची कुणाला मुभा नाही, हेही सांगितलं. अपवाद फक्त दुष्काळ, आजार, धर्मकार्य, तुरुंग.

"घरात मुलीचं लग्न म्हणजे यांतलं काय काय आलं, ते तुम्हीच मोजा," सासूबाई म्हणाल्या. वर्तमानपत्रामागे कुणीतरी खोकलं.

मग त्या पानाचा डबा पुढे ओढून शांतपणे पान लावू लागल्या. शिरा काढता काढता म्हणाल्या, "व्याही, माझ्या सीरमध्ये तांब्याची कळशी होती. तिच्यावर माझं नाव होतं, चांगलं तमिळमध्ये, सगळ्यांना वाचता येईल असं. माझ्या नणंदेच्या लग्नात गेली. मी विहिरीवरून आले तर कळशी जागेवर नव्हती. तेव्हा हा तुमचा शब्द कुठे होता?"

  माझ्या बारा पत्रकांत याचं उत्तर नव्हतं. मला त्या बाईशी भांडायचं होतं आणि अचानक ती कुठल्या बाजूची आहे तेच कळेना.

तेवढ्यात अक्का आतून आली. हात ओले. तिने सासूबाईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहिलं.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"हे कधीपासून आहे?"

"तुझ्या लग्नापासून."

अक्का हंड्यापाशी खाली बसली. ओल्या बोटाने तिने ती अक्षरं एकेक करून चाचपली. कुंकू पसरलं. "दर शुक्रवारी घासते मी हे. या शेपटीत चिंच अडकते, काडीने काढावी लागते. मला वाटलं देवाचं नाव असेल." मग ती अप्पांकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. आमच्या घरात आवाज न चढवता बोलणारी ती एकटीच. "अप्पा, तुम्ही त्या म्हाताऱ्याला सांगितलंत. भांड्याला सांगितलंत. हिला सांगितलंत, ही तर अकरा वर्षांची होती. मला सांगायला काय झालं होतं?"

कोर्टात वीस वर्षं काढलेल्या माणसाकडे त्यावर काही सबब नव्हती. ते पत्रकांची घडी करत राहिले. घडीची घडी, तिचीही घडी. मग म्हणाले, "चुकलं."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता. कुठल्याच पत्रकातही वाचला नव्हता.

अक्का उठली. हात पदराला पुसले, पदर खोचला आणि मागच्या दारी उभी राहायची तशी सासूबाईंपुढे उभी राहिली. "आत्याबाई, हंडा हवा असेल तर विचारा."

"काय विचारू?"

"गल्लीतले विचारतात तसं."

सासूबाईंनी पान गालात सरकवलं. मला वाटलं, आता उठतील आणि आम्हांला मिरच्यांसकट बाहेर काढतील. त्या हंड्याकडे बघत राहिल्या. मला उगाच वाटलं की त्यांना तिथे कळशी दिसत असावी. मग म्हणाल्या, "हंडा मिळेल का गं?"

"नाही," अक्का म्हणाली.

इतकं छोटं वाक्य! ना अन्याय, ना त्वरा. वर्तमानपत्र एक इंचभर खाली आलं आणि पुन्हा वर गेलं.  आणि मग सासूबाईंना हसू आलं. आधी गालात, मग पानासकट. "विचारायला लावून नाही म्हणते! व्याही, हे पण तुमच्या यादीत आहे का?"

"विकेल, देईल, असं आहे," अप्पा अगदी बारीक आवाजात म्हणाले. "म्हणजे... देणारही नाही, हे त्यात आलंच."

तेव्हा दाराआडून नणंद बोलली. जिचं लग्न, ती. "मला कुणी विचारलं का? मला तो हंडा नकोच होता. तिथे स्टीलची भांडी आहेत. एवढं धूड मी ठेवू कुठे?"

"मग तुला काय हवंय?" अक्काने विचारलं. त्या घरात हा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच कुणी कुणाला विचारत होतं, कारण नणंद गोंधळली. मग म्हणाली, "तुझी समई."

"ने."

मी ताडकन उभी राहिले. "अक्का! समई पण तुझीच आहे! तिच्या बुडावर पण लिहिलंय! एवढं सगळं आम्ही करतोय ते—"

"माझी आहे म्हणून तर दिली," अक्का म्हणाली. "तुझी असती तर कशी दिली असती? बस खाली. कॉफी प्यायलीस का?"

त्याच आठवड्यात ती नणंदेला घेऊन बसने कुंभकोणमला आली. तो म्हातारा त्याच पायरीवर बसला होता. समईच्या बुडावर, अप्पांच्या शब्दाच्या शेजारी, त्याने नणंदेचं नाव घातलं. तमिळमध्ये, तिच्या सासूला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरांत. जुना शब्द पाहून म्हणाला, "हे चित्र मी काढलेलं. काय होतं ते?" अक्काने त्याला सांगितलं. आणि घरी येऊन माझ्यापुढे पाटी ठेवली, "शिकव आता." महिन्याभरात ती देवनागरी वाचायला लागली, माझ्याहून लवकर. अप्पा तेव्हा आत कॉफी करत होते. वाईट करायचे. आम्ही प्यायचो.

माझ्या बारा पत्रकांचं काय झालं विचाराल, तर गल्लीत एकही वाटलं गेलं नाही. एक सासूबाईंनी वाचलं, सगळं, बोट ठेवून. 'वाटेत मिळालेलं' या ओळीशी थांबल्या आणि म्हणाल्या, "कळशी मला वाटेतच दिली होती, आमच्या मामाने. गाडी थांबवून." ते पत्रक त्यांनी पानाच्या डब्यात ठेवलं. परत मागायचं माझ्या जिवावर आलं.

आता माझी विनंती. हे मी छापायला देते आहे, म्हणजे पुन्हा एकदा कागदालाच सांगते आहे, हे मला कळतं. म्हणून पुढचं काम तुमचं. हे वाचून बाजूला ठेवा आणि तुमच्या घरातल्या बाईपाशी जा. आई असेल, बायको असेल, वहिनी असेल. तिला तिच्या तोंडावर, तिला कळेल अशा भाषेत सांगा की तिच्या लग्नात तिला मिळालेलं काय काय तिचं स्वतःचं आहे. मग विचारा की त्यातलं काही कुणाला द्यावंसं वाटतं का. ती नाही म्हणाली, तर तिथून उठा. ती हो म्हणाली, आणि तुम्हांला मुळीच न आवडणाऱ्या माणसाचं नाव घेतलं, तर ती वस्तू डोक्यावर घ्या, बसस्टँड गाठा आणि पोचवून या. आजच. मध्ये एक अक्षर बोलू नका.